हांडमाची हमी

६ फेब्रुवारी २०२३, सोमवार. त्या दुपारी उलानबातरच्या सुट्या भागांच्या बाजारात हांडमाने दामदिनच्या हातावर आठ लाख चाळीस हजार तुगरिक ठेवले आणि जपानहून आलेला गाडीचा एक जुना इन्व्हर्टर काखोटीला मारला. काखोटीला मारला हे आपले बोलायला. डबा चांगला पंधरा किलोचा आणि हांडमा चौपन्न वर्षांची. दामदिन मदतीला उठू लागला.

"बस खाली," ती म्हणाली. "तुझ्या कमरेची हमी कोण देणार?"

"कमरेची नाही, मालाची देतो," दामदिन म्हणाला. "मोठ्या झाकणाच्या स्क्रूंवर लाल रंग लावलाय बघ. तो तडकला की हमी संपली. नियम बाजाराचा आहे, ट्रॉलीबाई, माझा नाही."

"बाजार तुझ्या सोयीचे नियम बरे करतो."

ट्रॉलीबाई हे नाव तिला बाजाराने दिले होते, आणि ते खोटे नव्हते. शहराच्या ट्रॉलीबस डेपोत तिने बावीस वर्षे विजेचे काम केले. रस्त्यावरच्या तारेतून सहाशे व्होल्ट खाली कसे येतात, मोटारीत कसे जातात आणि वाटेत कुठे रुसून बसतात हे तिला तोंडपाठ होते. पुढे ट्रॉलीबस कमी होत गेल्या, डेपोत माणसे जास्त आणि गाड्या कमी असा प्रकार झाला, तेव्हा तिने नोकरी सोडली आणि मिळालेल्या पैशांतून एक जुनी जपानी हायब्रिड घेतली. या शहरात दर दुसरी गाडी तीच. पेट्रोल कमी खाते, उणे तीसमध्येही सकाळी सुरू होते, आणि जपानमध्ये दहा वर्षे झिजून आलेली असल्यामुळे खिशाला परवडते. तिची गाडी दुसऱ्याच महिन्यात नलाइखच्या रस्त्यावर आडवी झाली. हांडमाने बॉनेट उघडले, नारिंगी रंगाच्या जाड वायरींवरून नजर फिरवली आणि रस्त्यातच हसू लागली. "अगं बाई, ही तर तार गिळलेली ट्रॉलीबस आहे," ती म्हणाली.

तेव्हापासून अकरा वर्षे ती दा-खुरेच्या याच बाजारामागे एका लोखंडी कंटेनरमध्ये गॅरेज चालवत होती. इंजिनाला ती सहसा हात लावत नसे. तिच्याकडे येत ते इन्व्हर्टर. बॅटरीतला प्रवाह एका सरळ रेषेत धावतो. मोटारीला तो लाटांसारखा लागतो, आणि तोही वाढवून. हे काम जो चंदेरी डबा करतो तो इन्व्हर्टर. तो गेला की डॅशबोर्डवर लाल त्रिकोण पेटतो आणि गाडी भर चौकात मेंढीसारखी उभी राहते.

तिची कामाची पद्धत ठरलेली होती. आधी मागच्या बॅटरीचा नारिंगी प्लग काढून स्वतःच्या खिशात टाकायचा. मग मीठ घातलेल्या दुधाच्या चहाचा एक वाडगा भरून घ्यायचा आणि तो सावकाश प्यायचा. तेवढ्या वेळात डब्यातली साठलेली वीज उतरते. वाडगा रिकामा होईपर्यंत गाडीला कुणी बोट लावायचे नाही. त्यानंतर रबरी मोजे फुगवून कानाशी धरायचे, हवा सुटत नाही ना ते ऐकायचे, आणि मोजे घालूनही आधी मीटर लावायचा. "वीज दिसत नाही, वास येत नाही आणि माफ करत नाही," असे ती म्हणे.

आता जो इन्व्हर्टर तिने आणला तो पुरेवच्या गाडीसाठी होता. पुरेव टॅक्सी चालवी. गाडी चौदा वर्षांची, चार लाख किलोमीटर धावलेली. स्कॅनरने सांगितले, डबा मेला. दुसरा मेकॅनिक असता तर डबा बदलून मोकळा झाला असता. हांडमा मात्र पुढून, डबा गार ठेवणाऱ्या, न गोठणाऱ्या कुलंटच्या नळ्या चाचपत गेली.

"स्कॅनर मेलेल्याचं नाव सांगतो," ती म्हणाली. "कशानं मेला ते सांगत नाही. पुरेव, यात कुलंटऐवजी पाणी कुणी ओतलं?"

"थोडंसंच ओतलं होतं, ताई. उन्हाळ्यात."

"उन्हाळ्यात थोडंसं पाणी, हिवाळ्यात थोडासा बर्फ. बर्फानं पंप अडकला, पंप अडकला म्हणून डबा तापला. बाहेर उणे अठ्ठावीस, आणि तुझा डबा उकडून मेला. हे तुलाच जमायचं."

पुरेवने मान खाली घातली. त्याची आई, दोलगोर आजी, शेगडीशी बसून हे सगळे मजेत ऐकत होती. घरी करमत नाही म्हणून ती थर्मास घेऊन मुलाबरोबर आली होती. वय एक्याऐंशी, पाठ ताठ, जीभ त्याहून ताठ.

"लहानपणी घोड्यालाही असाच उपाशी ठेवायचा," आजी म्हणाली. "बाई, या डब्याला म्हणतात काय?"

हांडमाला इन्व्हर्टर समजावून सांगायचा कंटाळा आला होता. "आजी, हे गाडीचं काळीज," तिने सांगितले. "इंजिन म्हणजे नुसतं पोट. खातं आणि गुरगुरतं. बॅटरी म्हणजे खोगिराची पिशवी. गाडीला चालवतं ते हे."

"असं होय," आजी म्हणाली, आणि उठून डब्यावर अलगद हात ठेवून आली.

मग तिने आपले काम सांगितले. सफेद महिन्याचा सण एकवीस तारखेला होता. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी धाकट्याने थोरल्याच्या घरी जायचे, त्याच्या कोपरांखाली आपले हात धरून त्याला आधार द्यायचा आणि थोरल्याने धाकट्याचे गाल हुंगायचे ही रीत. आजीचा थोरला भाऊ दाशिनचिलेनला होता, दोनशेवीस किलोमीटरवर, अठ्ठ्याऐंशी वर्षांचा. सलग तीन वर्षे तिचे जाणे हुकले होते. दोनदा साथीमुळे, एकदा गाडीमुळे.

"मला भेटायला सगळी येतात," आजी म्हणाली. "मुलं, सुना, नातवंडं, शेजारी. सगळ्यांची मी थोरली. जगात एकच माणूस उरलाय ज्याची मी धाकटी आहे. तो काही आता फार वर्षं थांबायचा नाही."

हांडमाने हातातला पाना खाली ठेवला. "आजी, पहिल्या दिवसाचा चहा तुम्ही भावाच्या घरी प्याल. हा माझा शब्द. या हिवाळ्यात गाडी थांबली तर माझ्या खर्चानं दुरुस्त करीन."

नवा पंप, नवे कुलंट आणि दामदिनचा इन्व्हर्टर घेऊन गाडी दुसऱ्या दिवशी गेली.

ती सतराव्या तारखेला परत आली, एका मित्राच्या गाडीमागे दोरीला बांधून. पुन्हा लाल त्रिकोण. हांडमाने स्कॅनर लावला. या वेळी दुखणे वेगळे होते. मोठ्या दाबाची वीज कुठूनतरी गाडीच्या पत्र्यात झिरपत होती. अशी गळती लागली की गाडी स्वतःच कुलूप घालते. चालत्या गाडीला थांबवत नाही, पण एकदा बंद केली की पुन्हा सुरू होऊ देत नाही.

तिने चहाचा वाडगा संपवला आणि नारिंगी वायरी एकेक करून सोडवल्या. गळती मोजायच्या मीटरने बॅटरी तपासली, स्वच्छ. मोटार, स्वच्छ. एसीचा कॉम्प्रेसर, तोही स्वच्छ. राहिला इन्व्हर्टर. काटा शून्याशी लोळला, म्हणजे आत वीज अडवणारे काहीच उरले नव्हते.

"दामदिन," ती दातांवर दात ठेवून म्हणाली.

शनिवारी सकाळी ती बाजारात गेली. सणाच्या तोंडावर गर्दी तुडुंब. दामदिन टायरच्या राशीवर बसून कुणाशी तरी तपकिरीच्या कुपीची देवाणघेवाण करत होता.

"भिजलेला माल विकलास मला," हांडमा उभ्याउभ्याच म्हणाली. "बोटीतून येताना पाणी शिरलेला. पुसून ठेवला होतास."

गर्दी थबकली. दामदिनने कुपी शांतपणे खिशात घातली. "कोरडा होता. मी स्वतः मोजून दिला. तुझ्या हातात गेल्यावर काय झालं ते तुझ्या हातांना विचार."

"माझे हात सहाशे व्होल्टात वाढलेत."

"म्हणूनच थोडे भाजलेले असतील." आजूबाजूचे हसले. दामदिन मात्र हसला नाही. "आण परत. लाल रंग शाबूत असेल तर सण झाल्यावर तपासतो. माझी चूक निघाली तर दुसरा देईन."

"सण झाल्यावर काय करू? म्हातारीला सोमवारी निघायचंय. आज दुसरा दे."

"न तपासता एक देऊ, मग दुसरा पण देऊ? दुकान आहे माझं, देऊळ नाही."

"देवळात खोटं बोलायला लोक घाबरतात, म्हणून तू दुकान काढलंस," असे म्हणून हांडमा पाठ फिरवून निघाली. वाक्य चांगले झणझणीत बसले होते. वाटभर तिला त्याचे समाधान वाटले आणि गॅरेजशी पोचेपर्यंत ते उतरलेही.

नवा डबा स्वतःच्या पैशाने घ्यायचा तर सणाच्या तोंडावर तिच्याकडे तेवढी रोकड नव्हती. पंपाचेच पैसे तिने नफ्यातून सोडले होते. डबा न उघडता ठेवला तर सणानंतर दामदिनकडून भरपाईची आशा होती, पण आजी घरीच राहणार. झाकण उघडले तर लाल रंग तडकणार, म्हणजे साडेआठ लाखांवर पाणी. शिवाय उघडून काही उपयोग होईल याची खात्री नाही. रात्रभर तिने कूस बदलली नाही असे म्हणता येणार नाही. पण सकाळी गॅरेजचे दार उघडताना तिचा निर्णय झालेला होता.

रविवारी अकराच्या सुमारास पुरेव आईला घेऊन आला. आजीच्या हातात फडक्यात बांधलेले डबे होते, आत मांस भरून उकडलेले गरम बूझ.

"सणासाठी केलेत, पण तुझं तोंड बघून वाटलं, तुला आजच हवेत," आजी म्हणाली.

"आजी, अजून काही सांगता येत नाही."

"मी विचारलं का? खा."

हांडमाने दोन बूझ उभ्यानेच खाल्ले, हात पुसले, डबा शेगडीजवळच्या टेबलावर ठेवला. मीटर लावून आत वीज उरली नाही ना ते पुन्हा एकदा पाहिले. मग पान्याला जोर दिला. लाल रंगाचा बारीक टवका उडाला. पुरेवला त्याचा अर्थ माहीत होता. तो म्हणाला, "ताई, हमी गेली ना?"

"दामदिनची गेली. माझी आहे अजून."

मोठे झाकण निघाले. शेगडीची ऊब आत शिरली आणि थोड्याच वेळात कंटेनरभर एक ओळखीचा वास पसरला. आंबूस, गोडसर, घरगुती.

पुरेव नाक वर करून म्हणाला, "आरूल कुणी आणलंय?"

उन्हाळ्यात तंबूच्या छपरावर दह्याच्या वड्या वाळत घालतात, त्या आरूलचा वास न ओळखणारा माणूस त्या देशात जन्मायचा आहे. हांडमाने टॉर्च मारून आत पाहिले. तांब्याच्या जाड पट्ट्यांच्या मुळाशी पिवळसर पांढरे कवच धरले होते. खालच्या कडेला त्याची पातळ साय वाळून कुरकुरीत झाली होती. समुद्राच्या पाण्याचा डाग असा नसतो. तिने काडीने थोडे खरवडले आणि काडी नाकाशी नेली.

"बघू," म्हणत आजीने काडी तिच्या हातातून घेतली, हुंगली, आणि जाणकार माणसाच्या गंभीरपणे निकाल दिला. "गाईचं दूध. दुकानातलं, पिशवीचं. चरबी काही नाही त्यात. असलं आरूल मी पाहुण्याला देणार नाही." मग तिची नजर काडीवरून डब्यावर आणि डब्यावरून मुलाकडे गेली. "पुरेव, हे आपल्याच घरचं दूध आहे."

पुरेव आईकडे बघू लागला.

प्रवासाला निघणाऱ्याच्या मागे दूध शिंपडायचे, घोडा असेल तर रिकिबीवर, गाडी असेल तर चाकांवर, हे आजी जन्मभर करत आलेली. पुरेव रोज सकाळी बॉनेट उघडून इंजिनावरचे लोकरीच्या जाड नमद्याचे पांघरूण सारखे करी आणि आत चहा प्यायला येई. तेवढ्यात आजी नऊ खळग्यांचा लाकडी चमचा घेऊन बाहेर जाई. पूर्वी चाकांवर चार शिंतोडे टाकून परते. आता तिला काळीज कुठे असते ते कळले होते. कळल्यावर पायांवर कोण थांबतो?

"रोज?" हांडमाने विचारले.

"रोज," आजी म्हणाली. "भरपूर. लांबचा प्रवास आहे म्हणून."

थंडीत ते दूध डब्यावर पडताच गोठे. गाडी तापली की वितळे आणि फट शोधे. हांडमाने वरचे छोटे झाकण हातात घेतले. वायरी जोडायला तिने स्वतः उघडले होते तेच. त्याचे रबरी पॅकिंग दगडासारखे कडक झालेले. बसवताना तिने ते पाहिले होते आणि मनाशी म्हटले होते, इथल्या हिवाळ्यात पाणी येणार कुठून? सगळे तर गोठलेले. पाणी आले नाही हे खरेच होते.

"सरळ सांग, बाई," आजी म्हणाली. "माझ्या दुधानं बिघडली ना?"

"अर्धी दुधानं, आजी. अर्धी माझ्या पॅकिंगनं. आणि काळीज म्हणून मीच सांगितलं होतं."

आजीने क्षणभर विचार केला. "घोड्याच्या काळजात दूध ओततात असं मी कधी ऐकलं नव्हतं," ती म्हणाली. "तेव्हाच मला शंका यायला हवी होती." आणि ती अशी हसू लागली की पुरेवला तिच्या हातातला थर्मास सांभाळावा लागला. हांडमाही हसली. शनिवारपासूनचे पहिलेच हसू ते.

मग काम सुरू झाले. बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी कोमट करून, दात घासायच्या मऊ ब्रशने तिने कवच भिजवून सोडवले. वर स्पिरिटचा हात फिरवला. पुन्हा पाणी, पुन्हा स्पिरिट. आजी शेजारी बसून सांगत राहिली, "कडेला राहिलंय. साय कडेलाच धरते." तिचे बरोबर असे. डबा शेगडीपासून हातभर अंतरावर वाळत ठेवला आणि हांडमा तशीच, तेलकट डगल्यात, बाजाराकडे पळाली. नवे पॅकिंग हवे होते आणि ते सुटे फक्त दामदिनकडे मिळण्याची शक्यता होती.

दामदिन दुकान आवरत होता. तिला पाहून त्याने तोंड फिरवले. शेजारचे दुकानदार हातातली कामे टाकून उभे राहिले. हांडमा सरळ त्याच्यासमोर गेली आणि तिने उजवा हात पुढे केला. चुकून कुणाच्या पायावर पाय पडला की लगेच हात मिळवायचा, नाहीतर वैर राहते, हे तिथे पोराटोरांनाही माहीत.

दामदिनने आपल्या बुटांकडे पाहिले. "कुठं पाय दिलास?"

"तुझ्या नावावर. काल, चारचौघांत."

त्याने थोडा वेळ हात तसाच लोंबकळत ठेवला, शेजाऱ्यांना नीट दिसेपर्यंत. मग धरला. "काय निघालं?"

"दूध."

तिने सगळे सांगितल्यावर दामदिन टायरच्या राशीवर बसला तो पोट धरूनच. "जपानी लोकांनी धूळ, पाणी, मीठ सगळ्याचा विचार केला होता," तो डोळे पुसत म्हणाला. "आपल्या म्हाताऱ्यांचा नाही केला." सुटे पॅकिंग त्याच्याकडेही नव्हते. त्याने खोक्यातला एक चांगला इन्व्हर्टर काढला, त्याच्या छोट्या झाकणाचे पॅकिंग सुरीच्या टोकाने अलगद सोडवून तिच्या हातावर ठेवले. "पंधरा हजार. हा डबा आता आठ दिवस उघडा राहणार, त्याचे धरले नाहीत."

हांडमाने खिसे चाचपले. पाकीट गॅरेजमध्ये राहिले होते. "संध्याकाळी आणून देते."

"आजच दे हं. सणाच्या आत देणं फिटलेलं बरं."

संध्याकाळी डबा कोरडा झाला. तिने मीटर लावला. काटा उठला, थबकला, आणि सावकाश जिथे जायला हवा तिथे जाऊन बसला. तरी तिचा विश्वास बसेना. तिने डबा गाडीत चढवला, कुलंट भरले, नवे पॅकिंग बसवले, वायरी जोडल्या आणि पुन्हा मोजले. पुरेवने बटण दाबले. लाल त्रिकोण क्षणभर दिसला, विझला, आणि गाडी तयार असल्याचा हिरवा शब्द उजळला. एकदा बंद करून पुन्हा. दहा वेळा तरी तिने त्याला तेच करायला लावले, बोट दुखले म्हणेपर्यंत.

पाकीट घेऊन ती बाजारात गेली तेव्हा दामदिनचे दुकान बंद होते. शेजारी म्हणाला, तो सणासाठी बायकोच्या माहेरी निघून गेला.

सोमवारी सकाळी गाडी गॅरेजवरून वळसा घेऊन निघाली. आजीने निळा रेशमी झगा घातला होता, मांडीवर भावासाठी आणलेली साखरेची खोकी. ती खाली उतरली, हातात लाकडी चमचा. हांडमा काही न बोलता बॉनेटवर कोपर टेकून उभी राहिली.

"घाबरू नकोस," आजी म्हणाली, आणि चारी चाकांवर मोजके शिंतोडे टाकून, उरलेले दूध हांडमाच्या बुटांवर शिंपडून मोकळी झाली.

मंगळवारी सूर्य वर येत असताना फोन आला. पलीकडे आधी पुरेव होता, मग कुत्र्यांचा आणि पोरांचा गलका, मग आजी.

"पोचले कालच. आत्ताच भेट झाली. त्याच्या कोपरांखाली हात धरले तर म्हणतो कसा, धाकटे, किती उशीर केलास. धाकटे म्हणाला मला. चहा पितेय. गाडी बाहेर उभी आहे. तिच्या अंगाला कुणाला हात लावू दिला नाही."

"सकाळी सुरू करून बघितली का?" हांडमाने विचारले.

"तू नुसती कामाचंच बोल. केली. चालू आहे."

हांडमाने फोन ठेवला, झगा चढवला आणि स्वतःच्या थोरल्या बहिणीकडे निघाली.

सण संपून दुकाने उघडल्यावर ती पंधरा हजार घेऊन दामदिनकडे गेली. त्याने नोटा परत केल्या. गेल्या वर्षीचे देणे नव्या वर्षाच्या बोहनीला घेतले तर वर्षभर देणेकरीच भेटतात, पुढच्या सणाच्या आत कधीतरी दे, असे त्याचे म्हणणे. त्यानंतर तिने दोनदा विचारले, दोन्ही वेळा त्याने दिवस बरा नाही म्हटले. पॅकिंगचे पंधरा हजार तुगरिक हांडमाकडून दामदिनला येणे आहे.